बारीक दळण

हसा! हसून घ्या पोटभर! तुम्ही मलकापूरकडचे वऱ्हाडी, लग्नाले आले, जेवले, लाईन गेली, कार्यालयातले पंखे बंद पडले म्हणून या चक्कीच्या ओट्यावर वाऱ्याले येऊन बसले, आन् बसल्या बसल्या एका भल्या माणसाच्या हातातला डबा पाहून फिदीफिदी हसून राह्यले... कोणं सांगतलं तुम्हाले? त्या आचाऱ्यानं ना? "तो पाहा डब्यावाला गुलाबराव," असंच म्हणला असन. हाव, मीच तो गुलाबराव. आन् हाच तो डबा. पण आचाऱ्यानं तुम्हाले अर्धंच सांगतलं हो! अर्धं ऐकलं की मी येडा, बह्याड दिसतो. पुरं ऐकलं की... पुरं ऐकलं तरी बह्याडच दिसतो, पण कोणामुळं दिसतो ते तरी समजते. वामनरावमुळं! आन् तुम्हाले सांगतो, आज या ओट्यावर बसून सांगतो, वामनरावले मी सोडत नसतो!

तुम्ही आता जिथं जेवले ना... काय होतं, बुंदी? बरी होती? हां. तर जिथं बुंदी खाल्ली तिथं आमची बाल्कनी होती. नवरदेव-नवरी जिथं खुर्चीवर बसून फोटो काढून राह्यले, तिथं पडदा होता. आन् आहेर घ्यायले जो मामा बसला ना वही घेऊन, त्या जागी भज्याचा घाना. हे मंगल कार्यालय कालपरवाचं हाये. त्याच्या आधी इथं टॉकीज होती बाप्पा! उकंडरावची टॉकीज! संध्याकाळी देवाधर्माचे पिक्चर, बाया लेकरंबाळं घेऊन येत, पडद्यासमोर नारळ फोडत. आन् दुपारी... दुपारी फक्त प्रौढांसाठी. पोस्टरच्या कोपऱ्यात गोलामंधी 'ए'. पिक्चरचं नाव काय, ते मी लग्नाच्या मांडवाजवळ बसून घेत नाही, मांडवात नवरीची आजी हाये.

पण समोरच्या दरवाजातून जाईन कोण? दरवाजा भर बजाररोडवर! इकडून मामेसासरा येऊन राह्यला, तिकडून भजनी मंडळ, समोर किराणावाला उंबऱ्यात बसूनच असे, त्याले दुसरा धंदाच नव्हता. मंग? मंग ही चक्की! जनकाबाईची ही चक्की टॉकीजच्या पाठीले पाठ लावून उभी, आन् मधातल्या भिंतीले एक दरवाजा. तो पाहा, विटा लावून बंद करेल हाये ना, तोच. माणूस घरून निघे दळणाचा डबा घेऊन. दळणाले चाललेल्या माणसाले कोणी इचारते काय, कुठं चालला म्हणून? उलट नाव काढते! "पाहा व, गुलाबराव येवढं दुकान सांभाळून दळण आणते, नाहीतर आमचं ध्यान!" डबा जनकाबाईजवळ ठेवायचा आन् हळूच पुसायचं, "जनकाबाई, आज बारीक हाये काय?" ती मान वर करत नसे. "हाव, बारीक हाये. जा." म्हणजे आत दुपारचा खेळ लागला. आन् "आज जाडच हाये" म्हणाली की समजायचं, एकादशी-बिकादशी असन, उकंडरावनं दुपारीही देवाचाच पिक्चर लावला, डबा उचला आन् घरी जा.

सारा नांदुरा बारीक दळे हो! नांदुराच कायले, धामणगाव बढ्याचे लोक यष्टीत डबा मांडीवर घेऊन येत. कंडक्टरनं एकाले पुसलं, "काऊन बे, धामणगावात चक्की नाही काय?" तर तो म्हणे, "हाये ना साहेब, पण तिथं बारीक येत नाही."

आता तुमच्या मनात आलं असन, काय घाण पाहत असतीन हे म्हातारे! अरे बाप्पा, पाह्यलं असतं तर दुःख नव्हतं! आम्ही काहीच नाही पाह्यलं! ऐका तर. उकंडराव गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस. कपाळाले बुक्का, डोक्शावर कडक इस्तरीची पांढरी टोपी. बापानं टॉकीज करून ठेवली, देवाच्या पिक्चरले बायाच येत, त्याही तिकीट काढाच्या आधी पाया पडून "चालते ना दादा" म्हणून आत जात. मंग दुपारचा खेळ लावल्याशिवाय इलाज नव्हता. पण जीव मानेना त्याचा! म्हणून मशीनच्या खोलीत स्वतः उभा राहे. पडद्यावर पाणी पडाले लागलं, हिरोइन भिजाले लागली, का उकंडराव डोक्शावरची टोपी काढे आन् मशीनच्या भोकासमोर धरे! खलास! पडद्यावर अंधार. मधात फक्त टोपीची शिवण दिसे. आवाज चालू बरं! आवाज चालू, पाणी पडते, बाई हसते, पायातले घुंगरू वाजतात, आन् आम्ही पाहून राह्यलो शिवण!

सारी टॉकीज ओरडे, "टोपी काढा! ओ उकंडराव, टोपी!" आन् वरून उकंडरावचा आवाज ये, "लेकीबाळी हायेत तुमच्या घरी! डोळे मिटा!" अरे, अंधारच हाये तर डोळे कायले मिटू? पुढं रीळ गेली, नवीन मशीन आली, संगणकावरून पिक्चर लागाले लागले, पण टोपी तीच! त्याचा हात येवढा बसला होता की पाणी पडाच्या आधीच, नुसते ढग आले तरी टोपी येई. एकदा तर शेतकऱ्याच्या घरावर ढग आले होते पिक्चरात, चांगला रडण्याचा सीन होता, तोही गेला टोपीखाली.

मंग जात कायले होते म्हणता? सांगतो ना. वैशाखात राह्यले कधी आमच्याकडं? डांबर चपलेले चिकटते. घरात एक कूलर, त्याच्यासमोर पोट्टे, पोट्ट्याईच्या मागं बायको, बायकोच्या मागं तिच्या माहेरचा पाव्हणा, माह्या वाट्याले नुसता कूलरचा आवाज. आन् उकंडरावच्या टॉकीजमंधी दोन्ही बाजूले हे एवढाले वाळ्याचे कूलर, गच्च अंधार, खुर्चीचा खिळासुद्धा ओळखीचा, कुठं टोचते ते पाठ. माहं कापडाचं दुकान. दिवसभर "ह्या रंगात दुसरं दाखवा, ह्या काठात तिसरं दाखवा," आन् अख्खं दुकान गादीवर आंथरलं की "बरं, येतो आम्ही." त्या अंधारात मी कोणाचा दुकानदार नव्हतो, कोणाचा बाप नव्हतो, कोणाचा जावई नव्हतो. मले कोणी काही दाखवा म्हणत नव्हतं. खरं सांगू? मी लय वेळा झोपूनच जाओ. टोपी आली की उठायचं, सगळ्याईसंग ओरडायचं, पुन्हा झोपायचं. तशी झोप मले पुन्हा कुठंच लागली नाही. आन् ती झोप वामनरावनं मोडली. सोडीन काय मी त्याले? सोडत नसतो!

हा वामनराव कोण? माह्याच संगचा हो! एका बाकावर बसलो, एका छडीचा मार खाल्ला. मी दुकानात बसलो, तो मास्तर झाला, मंग मुख्याध्यापक झाला, आन् तिथून जे शुद्ध बोलाले लागला ते लागलाच. मी म्हणलं "मले चहा सांग," तर म्हणे, "गुलाबराव, मले नव्हे, मला." अरे, तुही माय तुले "वामन्या, इकडं ये बे" म्हणून हाक मारे, तिले सांगतलं काय कधी, "आई, बे अशुद्ध आहे" म्हणून? हा माणूस खिशात खडू घेऊन फिरते! पाटी दिसली की वेलांटी दुरुस्त. लग्नाची पत्रिका त्याच्या घरी द्यायले लोक भेतात, आहेरासंग लाल पेनानं तपासून वापस आणते.

आन् हाच वामनराव, ऐका आता, हाच वामनराव! टॉकीजमंधी खेळाच्या आधी पडद्यावर उकंडरावच्या हातानं लिहेल पाटी लागे, 'धुम्रपान करु नये'. ती लागली की मागच्या रांगेतून, एकदम कोपऱ्यातून, दबका आवाज ये, "धू दीर्घ." मंग जरासं थांबून, "रू पण दीर्घ." दर खेळाले! त्याच्यानं राहवतच नव्हतं! सगळ्याईले माहीत होतं कोण हाये ते. पण बारीक दळणाचा एक कायदा होता. आत कोणी कोणाले ओळखत नाही. सख्खा साळा बाजूले येऊन बसला तरी "भाऊ, पाय घ्या जरा," बस, येवढंच. बाहेर आल्यावर राम राम, दळण झालं काय, हो झालं. मी तो कायदा पाळला. सगळ्याईनं पाळला. त्यानं पाळला काय?

झालं काय, हा रिटायर झाला. तपासाले वह्या राह्यल्या नाहीत, मंग यानं गाव तपासाले घेतलं. संस्कार समिती काढली. अध्यक्ष कोण? हाच. पहिली सभा कुठं? टॉकीजच्या समोर! माईक धरून म्हणते कसा, "बंधू-भगिनींनो, या भिंतींच्या आड काय चालतं, याची मला कल्पनासुद्धा करवत नाही!" अरे, कल्पना कायले करतो? कालच तर पाहून गेला ना बे! आन् आम्ही? आम्ही समोर उभे, टाळ्या वाजवून राह्यलो! काय करता? हा खोटं बोलते म्हणावं, हा आत बसते म्हणावं, तर बाजूची बाई पुसन, "तुम्हाले कसं माहीत हो?" असा तोंड दाबून मार मी लहानपणी छडीचाही नाही खाल्ला.

मंग त्यानं ठाण्यात अर्ज देल्ला. मंगळवारी दुपारी छापा टाकावा, ही नम्र विनंती. ठाणेदार साहेब नवीन आलेले, उत्साही माणूस, त्याईनं म्हणलं चांगल्या कामाले उद्या कायले, सोमवारीच टाकू! आन् सोमवारी वामनराव कुठं? सांगा, कुठं असन? मंगळवारी बंद होणार म्हणून शेवटचा खेळ पाहाले आत बसेल! कोपऱ्यात! मी ऐकलं ना या कानानं, पाटी लागली, "धू दीर्घ."

कूलर सुरू झाले, माह्या डोळ्याले डोळा लागला. पडद्यावर पाणी पडाले लागलं, टोपी आली. आम्ही उठलो, ओरडलो, "टोपी काढा!" आन् काय सांगू तुम्हाले, टोपी निघाली! साऱ्या जिंदगीत पहिल्यांदा टोपी निघाली, आन् वरून उकंडराव रडवेल्या आवाजानं ओरडला, "पळा रे लेकरांहो, पोलीस!" इतकी वर्षं ज्याच्यासाठी बोंबललो ते पडद्यावर लख्ख चालू, आन् आम्ही सगळे त्याच्याकडं पाठ करून पळून राह्यलो! मी मागं वळून पाह्यलं असतं, पण मागून धामणगाववाल्यानं ढकललं.

चक्कीत ही गर्दी! जनकाबाईनं चक्की चालूच ठेवेल, पिठाचा धुरळा, सगळे पांढरे फटक, कोणाले कोणाचं तोंड दिसेना. हाताले लागन तो डबा उचलला आन् जो तो आपापल्या घराकडं. पोलीस आले तर चक्कीवर एक बाई दळत बसेल, आन् टॉकीजमंधी एक म्हातारा उभा, टोपी हातात.

उकंडरावले ठाण्यात नेलं, चहा पाजला, समज देल्ली, सोडून देल्लं. साहेब काही वाईट नव्हते. पण म्हाताऱ्याचं मनच मोडलं. मले म्हणे, "गुलाबराव, मी तर उलटं लोकाईले वाचवत होतो." पोरानं टॉकीज इकून टाकली आन् त्याले पुण्याले घेऊन गेला, उंच बिल्डिंगीत. मी फोन केला तर सूनबाई बोलल्या, "काका, बाबांचं काही कळतच नाही हो, टीव्हीवर पावसाचं गाणं लागलं की उठतात आणि टीव्हीसमोर टोपी धरून उभे राहतात. काढा म्हटलं तर काढत नाहीत." मी फोन ठेवला. दुकानाच्या मागं गेलो, ठाणाच्या ढिगाआड बसलो आन् रडलो. खोटं कायले सांगू? आन् तिकडं वामनरावचा बातमीत फोटो, कपाळाले आठ्या, खाली लिहेल, 'अनैतिकतेचा अड्डा बंद'! तवाच ठरवलं. वामन्या, तुले मी सोडत नसतो!

आन् सोडू कायले? माह्या हातात पुरावा होता! तो डबा! त्या दिवशी घरी येऊन झाकण उघडलं तर आत गहू. आमच्या घरी जवारी. मंग डबा फिरवून पाह्यला. तुमच्याकडंही असतेच ना भांड्यावर नाव टाकेल, ठिपक्या-ठिपक्याचं? त्याच्यावर टाकेल, 'आदर्श मुख्याध्यापक श्री. वामनराव यांना निवृत्तीनिमित्त सप्रेम भेट, समस्त गावकरी'. आहा! आन् तो डबा द्या म्हणून सुचवलं कोणं होतं? मीच! लोक म्हणत होते शाल द्या, मी म्हणलं, शाल कपाटात पडून राहते, डबा द्या, डबा कामी पडन. पडला ना कामी!

पण घरात वंदना. माही बायको. तिनं पुसलं, "आपला डबा कुठाय?" आता आमचा डबा काही साधासुधा डबा नाही, माह्या सासूनं, केसरबाईनं लग्नात देल्लेला. त्या डब्याले वंदना माह्यापेक्षा जास्त जपते.

मी म्हणलं, "चक्कीवर बदलला असन."

"मंग ज्याचा आला तो द्या आन् आपला घेऊन या."

"कोणाचा आलाच नाही."

"म्हणजे बदलला नाही. गेला."

"हाव. गेला."

"माह्या मायचा डबा गेला?"

तिच्या मनात आधीचं एक होतंच. एकदा काय झालं, खेळ सुटला, मी गडबडीत डबा उचलला आन् घरी आलो, तिनं परातीत ओतला तर जवारी जशीच्या तशी! अख्खी! म्हणे, "हे काय?" मी म्हणलं, "लाईन नव्हती." म्हणे, "मंग येवढा वेळ चक्कीवर काय करत होते?" मी म्हणलं, "लाईनीची वाट पाहत होतो." त्या दिवशी ती शेजारून पीठ उसनं आणाले गेली, काही बोलली नाही. बाई बोलली नाही की समजून जावं, पण मी कुठं समजतो!

मी वामनरावचा डबा दुकानातल्या लाल कापडात गच्च बांधला, माळ्यावर जुन्या गाद्याईच्या मागं ठेवला, आन् वाट पाहत बसलो. असातसा नाही काढायचा. भर सभेत काढायचा. जेवताना मनातल्या मनात भाषण करो, झोपेत म्हणो, "सोडत नसतो." वंदना हलवून पुसे, "कोणाले सोडत नाही?" मी म्हणो, "कोणालेच नाही, झोप."

आन् आला दिवस! हे कार्यालय बांधून झालं. उद्घाटन! प्रमुख पाहुणे कोण? ज्यांच्या प्रयत्नांनी ही वास्तू पवित्र झाली ते आदर्श मुख्याध्यापक! सारं गाव आलेलं, पहिल्या रांगेत बाया, त्याच्यात वंदना, तिच्या बाजूले वामनरावची बायको पद्मजाताई. मी लाल कापडातलं गाठोडं काखेत मारून गेलो. वामनरावचं भाषण झालं, म्हणे, "या जागी जे अंधाराचं साम्राज्य होतं..." अंधार? अरे, अंधार तर टोपीचा होता, त्याच्यासाठीच तर भांडत होतो! मी उठलो, म्हणलं, मले दोन शब्द बोलायचे हायेत. माईक हातात घेतला. काय सांगू तुम्हाले, काय बोललो मी! कापडदुकानात येवढं कधी बोललो नाही! म्हणलं, "गावकऱ्यांनो, छाप्याच्या दिवशी या टॉकीजमंधून एक माणूस चक्कीच्या दरवाजानं पळाला. थोर माणूस! दिवसा लोकाईले संस्कार शिकवते आन् दुपारी बारीक दळते! पळता पळता त्याचा डबा बदलला, आन् तो डबा आज माह्याजवळ हाये! ज्याचं नाव या डब्यावर, तो माणूस आत होता! तोच ढोंगी! तोच पळपुटा! त्याले तोंड दाखवाले जागा ठेवू नका!" टाळ्या! काय टाळ्या बाप्पा! आन् वामनराव खुर्चीत पांढरा पडला, जसा त्या दिवशी पिठानं पडला होता. मले येवढा आनंद झाला, येवढा आनंद झाला... म्हणलं, अजून जरा पिळू. म्हणलं, "नाव मी नाही वाचत. माहं अशुद्ध हाये. आपले वामनरावच वाचतीन, एकदम शुद्ध!" आन् गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं.

तो गाठोडं सोडाले लागला. गाठ सुटेना. मीच सोडून देल्ली. त्यानं चष्मा लावला. डबा पाह्यला. पुन्हा पाह्यला. आन् मंग हळूहळू, तुम्हाले सांगतो, त्याच्या तोंडावर रंग आला. उठला, माईक घेतला, आन् वर्गात धडा वाचावा तसं वाचलं, "चि. सौ. कां. वंदना हिस, आई केसरबाईकडून, सप्रेम भेट." मंग जरासं थांबला. "शुद्ध आहे," म्हणे.

माह्या पायाखालची जमीन... जमीन कशाची, फरशी होती, नवीन, पांढरी, तिच्यातही माहंच तोंड दिसून राह्यलं! आधी एक हसला, मंग सारे! मी वंदनाकडं पाह्यलं. ती बसल्या जागेवरून, माईक नाही, काही नाही, साऱ्या सभेले ऐकू जाईन असं बोलली, "दिवाळीची झाडझूड काढली तवा सापडलं तुमचं गाठोडं. आपला डबा पद्मजाताईच्या घरी होता. भिशीले गेली तवा बदलून घेतला. तुमच्या लाल कापडात आपलाच बांधून ठेवला. म्हणलं, तुम्ही येवढे वाट पाहून राह्यले, तुम्हालेच सापडावा."

वामनराव डबा मांडीवर घेऊन बसला आन् हसाले लागला! हा हा करून! मोठ्यानं! आन् तेवढ्यात पद्मजाताई उठल्या. पिशवीतून दुसरा डबा काढला, स्टेजवर आल्या, त्याच्या दुसऱ्या मांडीवर ठेवला आन् शांतपणे म्हणाल्या, "अहो, आपलाही घरी आला हो. 'निवृत्ती'तला 'नि' ऱ्हस्वच आहे ना, वाचून सांगता का सगळ्यांना?"

त्याचं हसू तिथंच राह्यलं, अर्धं. आता तुम्ही म्हणसान, झाला ना गुलाबराव तुमचा बदला! हाव, झाला. पण मले त्याच्याकडं पाहाले फुरसत कुठं होती, लोक माह्याकडं पाहून राह्यले होते! ज्याचं नाव डब्यावर तोच ढोंगी, तोच पळपुटा, हे मीच म्हणलं होतं, माईकवर, जोरानं! पद्मजाताईनं मंग त्याच्या हातातला माईक घेतला. म्हणे, "दोघांनाही दळणाची फार आवड आहे, तर आजपासून दोघांनी दळण आणायचं." वंदना खालून म्हणे, "आपलंच नाही, साऱ्या भिशीचं!" टाळ्या! माह्या भाषणापेक्षा जास्त!

तवापासून हे असं हाये. हे डबे दिसून राह्यले ना रांगेनं, ते सगळे माह्याकडचे नाहीत, अर्धे त्याचे हायेत. त्याचे म्हणजे कोणाचे? तो पाहा ना, पोत्याच्या आड, डोक्शाले रुमाल बांधून, डबा मांडीवर घेऊन बसेल हाये. हाव, तोच! वामनराव! मघापासून सारं ऐकून राह्यला. मधात त्याचं तोंड हललं ना, ते माहं 'सोडत नसतो' दुरुस्त करून राह्यला होता, 'सोडणार नाही'. पण म्हणलं ना तुम्हाले, त्याले मी सोडत नसतो! घरून निघालो की त्याच्या दारात उभा राहतो, "चल बे" म्हणतो, आन् संग घेऊनच येतो. काय करता, एकट्यानं इथं बसवत नाही. समोर तो विटांचा दरवाजा दिसते.

हे पाहा! आली लाईन! जा, जा, तुमचे पंखे लागले, नवरी निघाली असन सासरी! ओ जनकाबाई, माहा नंबर हाये! काय म्हणते? मोठ्यानं बोल, चक्कीत ऐकू येत नाही... पाहा बाप्पा, हीही आता हसून पुसते, मान वर करून पुसते, "गुलाबराव, बारीक का जाड?"

आन् ऐकलं काय तुम्ही, माह्या आधी वामन्याच बोलला! कसा बोलला ऐकलं ना? "जाडच कर व माय, बारीक आता कुठं राह्यलं!" राह्यलं म्हणला! राह्यलं! मुख्याध्यापक झाला तवापासून पहिल्यांदा!

खरं हाये त्याचं. जनकाबाई, दोघाईचंही जाडच कर.